हार्टच्या गोळ्या चालू असताना व्यायाम: रामदासपेठेतल्या रिहॅब सेंटरला तीन महिने जाऊन आल्यावर

रिहॅब म्हणजे हार्टच्या पेशंटना देखरेखीखाली व्यायाम शिकवतात ते. २४ सेशन झाली, पैसे भरून झाले, शेवटची टेस्ट पण झाली, म्हणून आता सविस्तर लिहिते. सेंटरचं नाव लिहीत नाहीये, कारण खाली काही तक्रारी पण आहेत आणि तिथल्या मुलींनी माझ्यासाठी जे केलंय ते बघता त्यांच्या नावाला धक्का लागावा असं मला अजिबात वाटत नाही. नागपूरच्या रामदासपेठेत आहे, तिसऱ्या मजल्यावर, एवढंच सांगते. ज्यांच्या घरी कोणाची अँजिओप्लास्टी नाहीतर बायपास झालीय आणि मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, नेबिव्होलॉल अशी शेवटी ‘लॉल’ असलेली गोळी रोज चालू आहे, त्यांनी वाचाच. या गोळ्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात आणि त्या नाडी खाली ठेवतात. आयव्हाब्रॅडिन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल यांनीही नाडी कमी होते, त्या जरा वेगळ्या पद्धतीने काम करतात एवढंच.

माझं वय ५६, शाळेत गणित शिकवते. नोव्हेंबरात एक स्टेंट पडला. डिस्चार्जच्या कागदावर व्यायामाबद्दल एकच ओळ होती, ‘रोज ३० मिनिटे चालणे’. किती जोरात, दम किती लागला तर चालतो, कुठे थांबायचं, काही नाही. मग मी काय केलं तर मुलीने दिलेलं, नाडी मोजणारं घड्याळ हातात घातलं आणि जानेवारीत घराजवळच्या जिममध्ये नाव टाकलं.

जिमचा प्रसंग आधी सांगावाच लागेल, त्याशिवाय सेंटरने नेमकं काय दिलं ते कळणार नाही. तिथला ट्रेनर चांगला पोरगा होता, मनापासून शिकवायचा. त्याने माझं वय विचारलं आणि २२० वजा ५६ म्हणजे १६४, त्याचे ८० टक्के १३१, हा तुमचा टारगेट असं सांगून मोकळा झाला. मला आकडेमोड पटली, पटणारच, बरोबरच होती. गोळीबद्दल त्याने विचारलं नाही आणि मला पण सांगायचं सुचलं नाही. ट्रेडमिलवर १५ मिनिटं झाली तरी स्क्रीनवर १०४. तो म्हणे, ‘काकू, शंभरवरच अडकून राहिल्या न तुम्ही, काहून घाबरता, वाढवा थोडा स्पीड.’ मी वाढवला. श्वास पुरत नव्हता, पाय जड झाले होते, तोंडातून शब्द निघेना, पण स्क्रीनवर १०६ होते आणि मला वाटलं की अजून २५ बाकी आहेत म्हणजे मीच कमी पडतेय. शेवटी सहन होईना म्हणून लाल बटण दाबून बेल्ट एकदम थांबवला आणि खाली उतरले, तर डोळ्यापुढे अंधारी. दांडी धरली म्हणून पडले नाही. पोराचा चेहरा पांढरा पडला होता. घड्याळाने नाडी बघून त्या दिवशी माझ्या नावावर व्यायामाची मिनिटं किती लिहिली असतील? चार. ३० मिनिटं घाम गाळून चार. मला त्या रात्री खरंच रडू आलं, वाटलं हार्ट कामातूनच गेलं.

हे माझ्या हार्टच्या डॉक्टरांना, म्हणजे सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी रिहॅबची चिठ्ठी दिली आणि फेब्रुवारीत इथे जायला लागले.

पहिल्या दिवशी फिजिओ मॅडमनी (मॅडम म्हणतेय पण माझ्या मुलीएवढी आहे) तासभर नुसतं बोलणं केलं. कोणती गोळी, किती एमजी, किती वाजता घेता, एकदम सुटणारी की हळूहळू सुटणारी, सकाळी काय खाता, शुगर आहे का. गोळीची वेळ तर रोज रजिस्टरमध्ये लिहायची. मी विचारलं की वेळेने काय फरक पडतो, तर त्यांनी सांगितलं की आपण धावलो, घाबरलो, चिडलो की शरीर अ‍ॅड्रिनॅलिन सोडतं आणि ते हार्टला ‘जोरात चाल’ असा निरोप देतं, ही गोळी तो निरोप घेणाऱ्या जागाच अडवून धरते, म्हणून हार्ट सावकाश आणि कमी जोर लावून चालतं, त्याला ऑक्सिजन कमी लागतो आणि त्यातच त्याचं भलं आहे. गोळी घेऊन किती तास झाले त्यावर हे अडवणं कमीजास्त होतं, म्हणून व्यायाम रोज साधारण एकाच वेळी केलेला बरा, नाहीतर आजची नाडी कालच्या नाडीशी ताडून बघता येत नाही. मला हे आधी कोणी असं समजावलंच नव्हतं. म्हणजे नाडी वर जात नाही हा माझा कमीपणा नव्हताच, गोळी आपलं काम चोख करत होती.

मग २२० वजा वयाचं काय, हे मी विचारलंच. त्या म्हणाल्या की ते सूत्र तब्येतीने धडधाकट असलेल्यांसाठीही सरासरीच आहे, आणि बीटा ब्लॉकर घेणाऱ्या हार्ट पेशंटसाठी १६४ वजा वयाच्या ०.७ पट असं वेगळं सूत्र आहे. मी तिथेच मांडलं, ५६ चे ०.७ म्हणजे ३९.२, उत्तर आलं जवळपास १२५. योगायोग बघा, जुन्या सूत्राने माझा सगळ्यात वरचा आकडा १६४ आला होता आणि नव्या सूत्राची सुरुवातच १६४ पासून. पण हीसुद्धा सरासरीच, कोणाचा डोस २५ कोणाचा १००, एकाच वयाच्या दोन माणसांत बराच फरक पडतो. म्हणून त्यांनी सूत्रावर भागवलं नाही, टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हार्ट तपासतात ती टेस्ट) करायला लावली.

आता हा टीएमटीचा मुद्दा नीट वाचा, यात घोळ होतो आणि माझ्या बाबतीत झाला. ब्लॉकेज आहे की नाही हे शोधायला टीएमटी करतात तेव्हा डॉक्टर बरेचदा ही गोळी आधी बंद ठेवायला सांगतात. पण व्यायामाची हद्द ठरवायला जी टीएमटी करतात ती गोळी रोजच्यासारखी घेऊनच करायची असते, कारण व्यायाम आपण गोळी घेऊनच करणार आहोत. रिसेप्शनवरच्या मुलीने मला फोनवर सांगितलं, ‘गोळी घेऊन येऊ नका.’ मी गोळी हातात घेऊन बसले होते, पण मन मानेना म्हणून परत फोन करून फिजिओ मॅडमना मागितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘काकू, आधी गोळी घ्या, मग या.’ ही चूक लहान नाही. ही गोळी मनाने एकदम बंद केली तर अडवून ठेवलेलं सगळं उलटून येतं, नाडी-बीपी उसळतं, छातीत दुखू शकतं, अटॅकसुद्धा येऊ शकतो. मी हे त्यांच्या तक्रारवहीत लिहून आले, आणि नंतर काउंटरवर तसा कागद चिकटवलेला दिसला. दखल घेतली याचं समाधान आहे, पण मुळात फोन उचलणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं होतं.

टीएमटीत माझी सगळ्यात जास्त नाडी किती गेली? ११८. बसल्या जागी ५८. मधलं अंतर ६०. त्याच्या ४० ते ७० टक्क्यांत काम करायचं ठरलं, म्हणजे ५८ अधिक २४ ते ५८ अधिक ४२, ८२ ते १००. घरी येऊन मी हे वहीवर परत मांडलं आणि जानेवारीतल्या १०४-१०६ चा अर्थ लागला. मी तेव्हा माझ्या ताकदीच्या तीन-चतुर्थांशाच्या वर होते आणि मला १३१ गाठायला सांगत होते, जिथे माझं हार्ट गोळीवर असताना पोचणारच नव्हतं. कितीही जीव काढला असता तरी नाही. त्या पोराचा दोष म्हणत नाही मी, त्याला कोणी शिकवलंच नसेल, पण प्रत्येक जिमच्या फॉर्मवर ‘हार्टची किंवा बीपीची कोणती गोळी चालू आहे’ एवढा एक प्रश्न तरी पाहिजे.

तरी सेंटरमध्ये नाडीपेक्षा जास्त भर होता तो एका तक्त्यावर. ट्रेडमिलच्या समोर भिंतीवर लावलेला, लॅमिनेट केलेला, कडा उचकटलेल्या, ६ पासून २० पर्यंत आकडे आणि पुढे कोणीतरी मार्करने मराठीत लिहिलेलं, ९ ला ‘एकदम हलकं’, ११ ला ‘हलकं’, १३ ला ‘थोडं जड’, १५ ला ‘जड’, १७ ला ‘खूप जड’. दर पाच मिनिटांनी मॅडम विचारणार, ‘काकू, किती?’ आणि आपण स्क्रीनकडे न बघता श्वास, पाय, सगळं मिळून किती जड वाटतंय ते सांगायचं. माझं टारगेट ११ ते १३. सुरुवात ६ पासून का, १ पासून का नाही, हे गणिताच्या माणसाला खटकणारच, तर कळलं की स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी हा तक्ता केला तेव्हा त्यामागे नाडीच होती, निरोगी तरुण माणसाचा आकडा गुणिले १० केला की साधारण नाडी यावी, आराम ६ म्हणजे ६०, जीव तोडून २० म्हणजे २००. आमच्या गोळीने हा गुणाकार मोडतो, मी १३ म्हणते तेव्हा माझी नाडी १३० नसते, ९६ असते. पण ‘थोडं जड’ हे ‘थोडं जड’च राहतं. ते गोळीने बदलत नाही.

पहिल्या आठवड्यात मी खोटं बोलले. शेजारच्या ट्रेडमिलवर सत्तरीचे एक काका जोरात चालत होते, त्यांच्यासमोर १४ म्हणायची लाज वाटली म्हणून ९ म्हटलं. मॅडमनी काही न बोलता विचारलं, ‘शाळेत आज काय शिकवलं?’ मी सांगायला गेले तर दोन शब्दांमागे श्वास. त्या म्हणाल्या, ‘हे ९ नाही काकू,’ आणि स्पीड कमी केला. तेव्हापासून मी खरा आकडा सांगते. बोलून बघायची ही युक्ती घरी सगळ्यात उपयोगी, अख्खं वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येत असेल तर थोडं वाढवा, दोन-दोन शब्दच निघत असतील तर कमी करा. याला घड्याळ लागत नाही, मशीन लागत नाही.

एका सेशनला तासभर. आधी वजन, बीपी, नाडी. वजन रोज का, तर दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो एकदम वाढलं तर अंगात पाणी साठत असू शकतं, मग व्यायाम नाही, आधी सरांना फोन. मग छातीवर मॉनिटरचे स्टिकर, १० मिनिटं हळू सुरुवात, २० ते २५ मिनिटं ट्रेडमिल आणि सायकल, आणि मग १० मिनिटं उतरवणं. हे उतरवणं म्हणजे खरं सोनं आहे. बेल्ट ४.२ वर असेल तर ३.५, मग २.८, मग २, असं करत करत. जानेवारीत मला अंधारी का आली ते इथे कळलं, चालताना पायाचे स्नायू रक्त वर ढकलत असतात, पाय एकदम थांबले की रक्त खालीच राहतं, एरवी हार्ट पटकन वेग वाढवून सांभाळून घेतं पण गोळीमुळे ते तेवढं धावत नाही, म्हणून बीपी पडतं. सुरुवात पण हळूच, कारण हार्टला वर यायला वेळ लागतो. आठवड्यातून दोनदा हलकी वजनं, एक-दोन किलोची, आणि मॅडमचा एकच जप, ‘श्वास धरू नका, उचलताना सोडा.’

शुगर असणाऱ्यांसाठी एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितली. महाल भागातले एक काका, इन्सुलिनवर, सायकल चालवता चालवता गप्प झाले, कपाळ घामाने ओलं. आम्हाला वाटलं व्यायामाचा घाम. मॅडमनी लगेच सायकल थांबवून बोट टोचलं तर शुगर ६४. साखरपाणी दिलं, बसवलं, १५ मिनिटांनी परत तपासलं. शुगर पडली की एरवी धडधडतं, हात थरथरतात, पण बीटा ब्लॉकर ही दोन्ही चिन्हं झाकून टाकू शकतो, घाम मात्र झाकला जात नाही. काका म्हणाले, ‘मले काहीच वाटलं नाही न.’ तेच तर. ज्यांना शुगरची औषधं आहेत त्यांनी व्यायामाआधी तपासूनच जावं आणि खिशात काहीतरी गोड ठेवावं.

आता तक्रारी. लिफ्ट तीन महिन्यांत पाच वेळा बंद होती, हार्टच्या पेशंटना तीन जिने चढवणं योग्य नाही, निदान खाली एक खुर्ची आणि पहिल्या मजल्यावर एक खुर्ची ठेवा. वेळ सकाळी साडेनऊ ते पाच, म्हणजे नोकरीवाल्यांनी काय करायचं, मला रजा टाकाव्या लागल्या. फाईल सगळी इंग्रजीत, ते काका पाने उलटत बसायचे आणि मग मला विचारायचे. आणि बायकांसाठी खास सांगते, पहिल्या दिवशी कोणीही सांगत नाही की समोरून बटणं असलेला टॉप घालून या, मी साडीत गेले होते आणि स्टिकर लावताना मधे फक्त एक पडदा, तोही अर्धवट, पलीकडे पुरुष. दुसऱ्या दिवसापासून मी शर्ट घालून गेले, पण बाकी कोणी या एका कारणाने परत येणारच नाही, आणि बॅचमध्ये आम्ही बायका दोघीच होतो त्यामागे हे पण कारण असेल असं मला वाटतं. एक वेगळी खोली करा, खर्च फार नाही. फी २४ सेशनची १२ हजार, टीएमटी वेगळी, माझ्या विम्याने एक पैसा दिला नाही. पार्किंगची मारामार, मी मेट्रोने यायचे, झाशी राणी चौकाला उतरून ऑटो.

एप्रिलपासून ऊन सुरू झालं तेव्हा मॅडमनी बाहेर चालण्याचे नियम बदलून दिले आणि हे बाकी कुठल्या शहरापेक्षा आपल्या नागपुराला जास्त लागू आहे. अंग थंड व्हायला हार्टने जास्त रक्त कातडीकडे पाठवावं लागतं, गोळीने तिथे पण लगाम बसतो, त्यात पाण्याची गोळी म्हणजे लघवीची गोळी चालू असेल तर अंगातलं पाणी आणखी कमी. तेच अंतर, तोच वेग, पण उन्हात ११ चं १५ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून सिव्हिल लाइन्सच्या वॉकर्स स्ट्रीटला मी सकाळी साडेसहाच्या आत संपवते, आणि मे महिन्यात ४५ च्या वर गेलं की बाहेर नाहीच, घरातच कूलर लावून हॉल ते गॅलरी फेऱ्या. पाणी किती प्यायचं ते मात्र आपल्या डॉक्टरलाच विचारा, काहींना हार्टमुळे पाणी मोजून असतं.

आणि कधी थांबायचं याचा एक कागद त्यांनी दिला तो आमच्या फ्रिजवर लावलाय, यांनी पाठ केलाय. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात दुखणं, चक्कर, ठोका चुकल्यासारखं सारखं वाटणं, नेहमीच्या कामाला नेहमीपेक्षा जास्त दम. बसायचं, सरांनी दिलेली जिभेखालची गोळी बसूनच घ्यायची कारण तिने बीपी पडतं, आणि पाच मिनिटांत बरं नाही वाटलं तर १०८ ला फोन, स्वतः गाडी चालवत जायचं नाही. बसल्या जागी नाडी ५० च्या खाली आणि सोबत चक्कर किंवा फार थकवा असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, सरांना फोन, पण गोळी मनाने सोडायची नाही.

पहिल्या दिवशी कॉरिडॉरमध्ये दोन नारिंगी कोन ठेवून सहा मिनिटं चालवलं होतं, मी ३३० मीटर चालले आणि मधे एकदा भिंतीला टेकले. शेवटच्या दिवशी त्याच कॉरिडॉरमध्ये ४१२, न टेकता, आणि शेवटी मॅडमनी ‘किती?’ विचारलं तर १२. नाडी ९४. मुलीने घड्याळातलं ते झोन-बिन सगळं बंद करून दिलंय, आता फक्त पावलं दिसतात.

पाचात किती म्हणाल तर साडेतीन-चार, लिफ्ट आणि पडद्याचे कापून. शिकवणीला पूर्ण पाच. फोन केलात तर तीन गोष्टी आधी विचारा, टीएमटी गोळी चालू ठेवून करणार का, सेशनला मॉनिटर लावतात का, आणि इमर्जन्सीला डॉक्टर त्याच इमारतीत असतात का. या सेंटरला तिन्ही होती. एक अजून, ऑगस्टात सर माझा डोस कमी करायचं म्हणताहेत, डोस बदलला की ८२ ते १०० ही रेंज परत काढावी लागते, त्यासाठी परत टीएमटी आणि दोन सेशन, त्याचे पैसे वेगळे घेतात, पॅकेज घेताना ते बोलून घ्या.